शेवटच्या पंगतीतलं मटण: कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या प्रीतिभोजनाचं परीक्षण

सेवा: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतरचं प्रीतिभोजन, सगळ्यांसाठी खुलं
ठिकाण: कोल्हापूर, सीपीआर या सरकारी रुग्णालयापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर
दर: मोफत
गुण: पाचपैकी चार

मंडळीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, हे बायबलमधल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन ही माणसं गांभीर्यानं घेतात. म्हणून नाव सोडून फक्त कामाबद्दल लिहितो.

कुठल्याही सार्वजनिक जेवणाची परीक्षा शेवटच्या पंगतीत होते. पहिल्या पंगतीला सगळीकडेच चांगलं मिळतं. तांबड्या रश्श्यावर लालभडक कट असतो, सुक्यात मांसाच्या फोडी असतात, पांढरा रस्सा नुकताच उतरवलेला असतो. तासाभरानं बसणाऱ्याच्या ताटात हाडं, पाणचट रस्सा आणि तळाचा करपट भात येतो. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. हातात ओगराळं असलेला माणूस समोरच्याला भरभरून वाढतो आणि मागून येणारा त्याला दिसत नाही, एवढंच. न दिसणाऱ्या माणसासाठी आधीच विचार करून ठेवणं हे या मंडळीचं वैशिष्ट्य, आणि ते भाषणात सापडत नाही, पातेल्यात सापडतं.

इथला अंदाज १८० माणसांचा असतो. ८०-८० च्या दोन पंगती आणि सीपीआरमध्ये रुग्णाशेजारी बसलेल्या, जागा सोडून येऊ न शकणाऱ्या नातेवाइकांसाठी २० डबे. मटण माणशी १५० ग्रॅम, हाडासकट कच्चं, म्हणजे २७ किलो. ते एकाच मोठ्या पातेल्यात शिजतं, पण पहिलं ताट वाढायच्या आधी त्याचे तीन भाग होतात: १२ किलोचं एक, १२ किलोचं दुसरं, ३ किलोचं डब्यांसाठी. दुसऱ्या पातेल्यावर झाकण बसतं आणि पहिली पंगत उठेपर्यंत ते कुणी उघडत नाही, मंडळीचा कारभार पाहणारे पंच आले तरी नाही. किलोमागे साधारण २५ फोडी धरल्या तर पावणेसातशे होतात. सुकं वाढताना पहिल्या फेरीत प्रत्येकाला मोजून तीन. म्हणजे ५४० जातात आणि सव्वाशेच्या वर उरतात, त्या दुसऱ्या फेरीसाठी. मोजून वाढणं कंजूषपणाचं वाटतं खरं. पण न मोजता वाढलं की पहिल्या वीस जणांना सहा-सहा आणि शेवटच्या वीस जणांना रस्साच, हा हिशेब चुकत नाही.

पांढऱ्या रश्श्याची गोष्ट जास्त नाजूक आहे. ८० माणसांना साधारण १२ लिटर लागतो: सात-आठ लिटर अळणी (मटण शिजवलेलं पाणी), तीन-चार लिटर नारळाचं दूध, बाकी काजू, खसखस आणि तिळाचं वाटण. बहुतेक ठिकाणी आचारी सगळा रस्सा एकदमच करून ठेवतो आणि दुसऱ्या पंगतीच्या वेळी तो पुन्हा उकळतो. नारळाचं दूध मोठ्या आचेवर उकळलं की फुटतं, वर पांढऱ्या गुठळ्या आणि खाली पाणी. इथे अळणी आणि वाटण मंद आचेवर तयार असतं, दूध वेगळं. पहिली पंगत हात धुवायला उठली की दुसऱ्या पातेल्यात दूध पडतं, आच बारीक होते, उकळी येऊ न देता ढवळत राहतात आणि वाफ आली की उतरवतात. तांबड्याला दर दहा ताटांमागे ओगराळं तळापासून फिरवायचं, कट सगळ्यांत वाटला जातो. या दोन सवयींनी दुसरी पंगत पहिलीच्या बरोबरीला येते.

एवढा खटाटोप का, याचं उत्तर ग्रीसमधल्या जुन्या करिंथ शहरात आहे. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते इ.स. ५५ च्या सुमारास. त्याच्या अकराव्या अध्यायातली तक्रार अगदी जेवणाची आहे: एक जण भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. तेव्हा मंडळी घराघरांत जमत. रोमन धाटणीच्या घरात जेवणघराला तीन बाजूंनी तीन आसनं असत आणि जागा साधारण नऊ जणांची. अभ्यासक असं मानतात की यजमानाच्या बरोबरीचे लोक आत बसत आणि बाकीचे बाहेर चौकात. दास आणि मजूर तर काम संपवून उशिरा येत, तोवर चांगलंचुंगलं संपलेलं असे. पौल तिथे पाककृती सांगत नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, एवढंच सांगतो, आणि ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं स्पष्ट सुनावतो. त्याच अध्यायात प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर मोडून वाटण्याच्या विधीची, स्थापना सांगितलेली आहे, हे फार महत्त्वाचं. भाकर मोडणं आणि शेवटच्या माणसाला भाकर मिळणं या दोन गोष्टी त्यानं एकाच श्वासात सांगितल्या.

कोल्हापुरात उशिरा येणारा कोण? वॉर्डातला राउंड संपेपर्यंत हलू न शकणारा गडहिंग्लज-चंदगडकडचा नातेवाईक, रविवारी अर्धा दिवस कामावर गेलेला गवंडी, दोन घरची धुणी-भांडी आटोपून येणारी मावशी. करिंथचीच यादी, नावं वेगळी. म्हणून इथली दुसरी पंगत साडेबाराच्या आधी बसत नाही, आणि पाळकसाहेब व पंच याच पंगतीत, दाराकडच्या टोकाला बसतात. याचा सरळ फायदा असा की दुसऱ्या पंगतीत काही कमी पडलं तर ते कारभाऱ्यांच्याच ताटात दिसतं आणि पुढच्या महिन्यात सुधारतं.

बसण्याची व्यवस्था आल्या क्रमानं. कूपन नाही, राखीव खुर्ची नाही. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेला माणूस आणि मळक्या कपड्यांतला माणूस एकाच वेळी सभेत येतात. एकाला ‘इथे चांगल्या जागी बसा’ आणि दुसऱ्याला ‘तिथे उभा राहा’ असं सांगितलं की तुम्ही पक्षपाती न्यायाधीश झालात, असं तो म्हणतो. दारावर उभ्या असणाऱ्या दोघांना इथे एकच काम दिलेलं आहे: आलेल्याला सलाम करायचा आणि रांगेतल्या पुढच्या मोकळ्या जागेवर नेऊन बसवायचं. आमदार आला तरी तीच जागा. पिऊन आलेल्या माणसालाही तीच, फक्त शेजारी एक वाढपी बसतो.

पंगत हा शब्द मराठीत साधा नाही. ‘पंक्तिभेद’ नावाचं पाप आपल्या भाषेला चांगलं माहीत आहे. या शहराला तर फारच. राजवाड्याच्या पागेतल्या नोकरीत पाण्याला शिवल्याबद्दल गंगाराम कांबळे यांना मार खावा लागला. पुढे शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. भाऊसिंगजी रोडवरचं ते ‘सत्यसुधारक’ हॉटेल कोल्हापूरकरांना सांगावं लागत नाही. ख्रिस्ती मंडळींत जात दाराबाहेरच राहते असं म्हणणं खोटं ठरेल. लग्न जुळवताना ती आत येते, कब्रस्तानात आणि पंचांच्या निवडणुकीतही कधीकधी येते. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, तेव्हापासूनच्या पिढ्या इथल्या मंडळ्यांत आहेत, आणि कोण कुठल्या वाड्यातून आलं हे जुन्या घरांना अजून आठवतं. म्हणून पंगतीचा नियम महत्त्वाचा. गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो की अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही लोक आले तसा तो भिऊन त्या पंगतीतून उठून वेगळा झाला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विचारलं. पेत्रासारखा प्रेषित आणि चूक कसली, तर पंगत बदलल्याची. ती चूक क्षुल्लक धरलेली नाही, थेट सुवार्तेच्या सत्याशी जोडलेली आहे.

मटण न खाणाऱ्यांची सोय ही इथली दुसरी मोठी जमेची बाजू. २५ जणांसाठी अख्खा मसूर होतो, माणशी ६० ग्रॅम कच्चा, म्हणजे दीड किलो. मसूर रात्रभर भिजत नाही, दोन तास पुरतात. जास्त भिजला तर साल सुटते आणि अख्खा राहत नाही. पण खरी गोष्ट बसण्याची. शाकाहारी लोकांना वेगळ्या कोपऱ्यात नेत नाहीत. ताटाशेजारी कढीपत्त्याची डहाळी ठेवलेली असते, ती पाहून वाढप्याला कळतं. मसुराची पळी वेगळी, वाढपी वेगळा, पंगत एकच. मटण मुलाण्याकडून आणलेलं असतं आणि ते विचारण्याआधीच सांगतात, म्हणजे मुसलमान पाहुण्याला संकोच पडत नाही. आपल्या खाण्यानं भाऊ अडखळत असेल तर मी मांसच खाणार नाही, असं पौल करिंथच्या त्याच पत्रात आठव्या अध्यायात म्हणतो. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, सगळ्यांनाच अख्खा मसूर, तेव्हा हा प्रश्नच उरत नाही.

वाढपी किती आणि कोण, हे विचारण्यासारखं आहे. भाकरी-भाताला आणि रश्श्याला २० माणसांमागे एक, म्हणजे पंगतीला प्रत्येकी चार जण; शिवाय दोघं सुक्याला, एक मसुराला, एक पाण्याला. यांतले निम्मे मंडळीचे सभासदच नाहीत. गेले काही महिने जेवायला येणाऱ्यांतूनच ते पुढे आले. ही कल्पना प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातली. यरुशलेमात रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली, तेव्हा सात जण नेमले. स्तेफन, फिलिप्प आणि बाकीचे पाच, सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या हाती वाटप दिलं, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. भुकेला माणूस कसा लाजतो हे ज्याला ठाऊक आहे, तो चांगला वाढपी होतो.

वाढप्यांना शिकवलेलं एक वाक्य इथे सांगायलाच हवं. ‘बास काय?’ असं विचारायचं नाही. असं विचारलं की अर्धपोटी म्हातारीसुद्धा ‘बास’ म्हणते. ‘अजून एक भाकरी ठेवतो, आजी, घ्या की’ असं म्हणून हात पुढे करायचा, नको असेल तर ती ताटावर आडवा हात धरेल. सहा महिन्यांत भाकरीचा खप वाढला तो या एका वाक्यानं, असं भाकऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या काकी सांगतात. भाकरी माणशी दोन धरतात, एकूण ३६०, किलोमागे दहा या हिशेबानं ३६ किलो ज्वारीचं पीठ. पूर्वी मंडळीतल्या बायका पहाटेपासून थापत बसत आणि उपासना चुकत असे. मार्थेनं कामाच्या धांदलीत तक्रार केली तेव्हा येशूनं तिच्या बहिणीची, मरियेची, ऐकत बसण्याची जागा काढून घेतली नाही, हे लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. आता भाकऱ्या एका बचत गटाकडून विकत घेतात, ठरलेल्या दरानं, आगाऊ निम्मे पैसे देऊन. ‘देवाचं काम आहे, कमी करा’ असं म्हणत नाहीत. देवाच्या नावानं कष्टकरी बाईचे पैसे कापणं हे जेवणापेक्षा मोठं पाप आहे, आणि चर्चच्या कामात ते वारंवार घडतं.

तांदूळ मुठीचा. पंधरा घरं रोज स्वयंपाकाआधी एक मूठ, साधारण ४५ ग्रॅम, वेगळ्या डब्यात टाकतात. तीस दिवसांत घरटी सव्वा किलोच्या वर, पंधरा घरांतून २० किलो. माणशी १०० ग्रॅम धरला तर १८० जणांना १८ पुरतात. अडचण अशी की इंद्रायणी, कोलम, एखाद्या घरचा आजरा घनसाळ, नवा-जुना सगळा एकत्र येतो. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. एकत्र शिजवला की निम्मा गिचका, निम्मा कडक. इथे चक्क दोन पिंपं ठेवलेली आहेत, एक नव्याचं आणि एक जुन्याचं, आणि भात दोन पातेल्यांत होतो. तरीही एखाद्या महिन्यात भात गिचका होतोच. ही किरकोळ खोट.

डब्यांबद्दल थोडं. ते उरलेल्यातून भरत नाहीत, पंगत बसायच्या आधी भरतात. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, त्या गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा, असं सांगितलं आहे. पीक पूर्ण कापून उरलेलं द्या असं नाही. डब्यात पांढरा रस्सा घालत नाहीत, कारण नारळाच्या दुधाचं जेवण उन्हाळ्यात पटकन आंबतं. सुकं, भाकरी, कांदा आणि कांदा-लसणाची चटणी. भरल्यापासून दोन तासांत खायचं, हे डबा देताना तोंडानं सांगतात. डबा नातेवाइकासाठीच, रुग्णाला द्यायचा नाही, त्याचं पथ्य डॉक्टर ठरवतात. रिकामा डबा परत आणायची सक्ती नाही. बहुतेक जण आणतात.

ताटाबरोबर पत्रक नाही. नाव, गाव, जात विचारणारी वही नाही. जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना होते आणि ज्याला करायची नाही तो गप्प बसतो. कुणाला विश्वासाबद्दल काही विचारायचं असेल तर तो पाळकसाहेबांना आपणहून विचारेल. जेवणाच्या बदल्यात ऐकून घ्यायला लावणं हा सौदा झाला, आणि लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू म्हणतो ते नेमकं उलटं: जे परतफेड करू शकत नाहीत अशांना बोलवा, गरीब, व्यंग, लंगडे, आंधळे यांना.

इथेच एक गुण कापला. दाराला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला चार जण उचलून आत नेतात. प्रेमानं नेतात, पण उचलून नेलं जाणं कुणाला आवडत नाही. ४५ सेंटिमीटर चढायला एकास बारा या उताराने ५.४ मीटर लांबीची रॅम्प लागते. बाजूच्या भिंतीलगत तेवढी जागा आहे. ज्या वचनात लंगड्यांना बोलवा असं लिहिलं आहे ते भिंतीवर रंगवण्याआधी रॅम्प व्हायला हवी होती.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेबल-खुर्च्या आहेत, पण त्या वेदीच्या बाजूला, अगदी पुढे. परिणाम असा की धडधाकट पुढारी तिथे बसतात आणि आज्जी सतरंजीवर. टेबलं पंगतीच्या मधोमध, रांगेतच ठेवली तर मानाची जागा वाटणार नाही. हे पुढच्या महिन्यापासून करण्यासारखं आहे. पहिल्या पंगतीच्या वेळी माइकवर देणगीदारांची नावं वाचायची सवयही बंद व्हावी, त्या वेळी जेवणाऱ्याच्या घशात घास अडकतो. तरुण मंडळ मोबाइलवर फोटो काढतं, त्यात ताटं आणि आचारी यावेत, जेवणाऱ्यांचे चेहरे नकोत.

हात धुण्याची जागा मात्र मन लावून केलेली आहे. नळ तीनच असल्यानं एका बाजूला एक जण तांब्या आणि पंचा घेऊन उभा असतो, म्हाताऱ्यांच्या हातावर पाणी घालतो आणि पंचा पुढे करतो. बहुतेक वेळा ते काम एखादा पंच करतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुणारा येशू ज्यांना माहीत आहे, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. ज्यांना माहीत नाही त्यांनाही पाणी कोमट असल्याचं जाणवतं. थंडीच्या महिन्यांत एक बंब खास त्यासाठी पेटवलेला असतो.

भांडी सगळे मिळून घासतात, दीडच्या सुमाराला. ज्यांना मदत करायची आहे त्यांनी तेव्हा यावं, घासण्या आणि राख तिथेच असते. जेवायला येणाऱ्यांनी साडेअकरा ते पावणेएकच्या दरम्यान. डबा न्यायचा असेल तर अकराच्या आत सांगावं, स्टीलचा स्वतःचा आणला तर उत्तम, कारण मंडळीचे वीसच आहेत आणि त्यांतले काही अजून वॉर्डात आहेत.